कुणाला काही म्हणायचंय?

१२ जानेवारी

माजी जावईबापूंना अनेक आशीर्वाद.

‘माजी’ लिहिताना पेन जरा अडखळलं, पण खोटं कशाला लिहा. आशीर्वाद मात्र चालू आहेत. तुम्हा दोघांच्या कागदपत्रांत ते रद्द करण्याचं कलम मला कुठे दिसलं नाही, आणि मी ते कागद चष्मा पुसून दोनदा वाचले आहेत.

आपला जुना नियम आठवतोय ना? पत्त्यांच्या टेबलावर अरे-तुरे, टेबलाबाहेर अहो-जाहो. हे पत्र मी टेबलावर बसून लिहितोय, तेव्हा अरे-तुरेच करणार. नमनालाच घडाभर तेल नको म्हणून कामाचं सांगतो. अडचण तांत्रिक स्वरूपाची आहे.

गेल्या वर्षी आपला शेवटचा डाव झाला तो मी जिंकलो. जिंकेल त्याने पुढच्या डावाचं टेबल मांडायचं, हा आपला दुसरा नियम. त्याप्रमाणे मी मांडलं. माझ्या खोलीतलं घडीचं टेबल, हिरवं कापड, तुझ्या बाजूला तुझी ती ताठ पाठीची खुर्ची. ते तेव्हापासून मांडलेलंच आहे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला अर्धं काम टाकून घरी जायची सवय नसते. त्यातून मी घरीच असतो, म्हणजे सुटकाच नाही.

मंगळवारी खेळाच्या कार्डांच्या दुकानात जातो. तिथे चौघांचं टेबल बसतं, पण चौघांनाही घाई. हल्ली एक दातांचा डॉक्टर येतो. खेळात कच्चं लिंबू आहे, पण प्रश्न बरे विचारतो. परवा म्हणाला, “काका, कंट्रोल आणि कॉम्बो यात नेमका फरक काय हो?”

मी म्हटलं, “एक असतो लिफ्टवाला. लिफ्ट पडली नाही, अडकली नाही, की त्याचा दिवस चांगला गेला. काही घडू न देणं हेच त्याचं काम. तो कंट्रोल. समोरच्याच्या घातक पानावर आपलं ‘थांब’चं पान टाकायचं आणि त्याला दमवून जिंकायचं. दुसरा असतो नाटकातला दिवेवाला. तो अंधारात वायरी जोडत बसतो. लोकांना वाटतं हा काही करतच नाही. मग एक बटण दाबतो आणि अख्खा रंगमंच उजळतो. तो कॉम्बो. कारंजं, आरसा आणि घंटा ही तीन पानं त्याच्यापुढे जमली की संपलं. कारंज्यातून ताकद येते, आरसा ती वाढवत नेतो, आणि घंटा वाजली की बाकीच्यांचे डेक, म्हणजे उचलायच्या गड्ड्या, रिकामे.”

“मग जिंकतं कोण?”

मी म्हटलं, “ते दिवेवाल्याला विचारावं लागेल. तो हल्ली येत नाही.”

तर मुद्दा असा, की डाव पत्राने खेळता येईल. तू पान टाकायचंस म्हणजे पाकिटात घालून पाठवायचंस. मी ते तुझ्या बाजूला लावीन आणि माझी चाल लिहून कळवीन. प्रत्येकाने आपापल्या डेकमधून प्रामाणिकपणे उचलायचं. एवढा विश्वास आपल्यात शिल्लक असावा.

लेकीने तेव्हा सांगितलं होतं, “बाबा, आता त्याच्याबरोबरचे गुरुवारचे डाव बंद.” मी बंद केले. पत्राबद्दल ती काही बोलली नव्हती. तरीही पाकीट दुकानाच्या पत्त्यावर पाठव. घरात कुणाला हे माहीत नाही. घरात मी धरून दोनच माणसं आहेत, त्यामुळे ‘कुणाला’ म्हणजे कोणाला ते तुझ्या लक्षात येईल.

तुझा नवा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे तुझ्या नाट्यसंस्थेच्या ऑफिसात टाकतोय. नाही म्हणायचं असेल तर उत्तर पाठवू नकोस. मी समजून घेईन, थोडे दिवस लागतील एवढंच.

तुझा सासरा
(या पदावरून काढल्याचं मला अद्याप कुणी कळवलेलं नाही.)


२ फेब्रुवारी

अरे दिवेवाल्या,

दुकानवाल्या बाईंनी पाकीट हातात ठेवलं आणि म्हणाल्या, “काका, पत्ता माझा, नाव तुमचं. माझ्या नवऱ्याने पाहिलं असतं तर काय सांगितलं असतं मी?” मी म्हटलं, “सांगा, दातांच्या डॉक्टरांचं बिल आहे.” तेवढ्यात डॉक्टर मागे उभे.

पत्र नाही, खुशाली नाही. एक पान आणि एक चिठ्ठी. पान कारंजं. चिठ्ठीवर टेबलावरचा नेहमीचा प्रश्न: “कुणाला काही म्हणायचंय?”

पान टाकलं की ते लागू होण्याआधी हे विचारायचंच असतं. किती वेळा ऐकलं असेल. पण तुझ्या अक्षरात ते कधी वाचलं नव्हतं. तुझं अक्षर इतकं वाईट आहे हे मला माहीतच नव्हतं.

उत्तर: नाही. कारंजं जाऊ दे. पहिल्या पानाला जो ‘थांब’ म्हणतो तो उतावीळ, हे मीच तुला शिकवलं. पहिलं पान हे आमिष असतं. माझं थांब खर्ची पडावं म्हणून तू ते पुढे करतोस आणि वर असा चेहरा करतोस, की हेच गेलं तर तू मेलास. पत्रात चेहरा दिसत नाही, हा माझा फायदा.

लेकीची आई गेल्यानंतरची गोष्ट तुला आठवते का? मी टीव्हीचा आवाज बंद करून नुसता बघत बसायचो. तू ट्यूबलाइट बदलायला म्हणून आलास. ट्यूबलाइट चांगली होती, मीच आदल्या दिवशी लावली होती. तू ती काढलीस, पुसलीस, परत लावलीस आणि खिशातून दोन डेक काढलेस. नंतरचे काही गुरुवार तू मुद्दाम हरत होतास. मला ते कळत होतं, आणि मी काही म्हटलं नाही. मग एक दिवस तू खराखुरा जिंकलास, आणि त्या दिवशी मला वाटलं की आता आपण बरे होऊ.

हे असंच आठवलं. पुढचं पान पाठव.


२० फेब्रुवारी

आरसा पाठवलास. लगेच? धीर म्हणून काही राहिला नाही का त्या संस्थेत जाऊन?

थांब!

पान बाद. मी ते तुझ्या बाजूच्या बाद ढिगावर ठेवलं आहे, नीट, पालथं. आज दिवसभर मी घरात शीळ घालत होतो. लेकीने विचारलं, “बाबा, काय झालं?” मी म्हटलं, “बिल्डिंगच्या लिफ्टचा आवाज बंद झाला.” वास्तविक तो आवाज मला दोन महिने खुपतोय आणि कंपनीचे लोक फिरकत नाहीत.

त्याखेरीज, माझी चाल: कुलूप. तुझ्या कारंज्यावर. आता फोड डोकं.


११ मार्च

ताकाला जाऊन भांडं लपवत होतो, ते आज उघड्यावर आलं.

लेक हॉस्पिटलातून लवकर आली. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून तिचा स्वतःचा खांदा धरला होता. गरम पाण्याची पिशवी माझ्या खोलीत असते, ती घ्यायला आली. टेबलावर मी वर्तमानपत्र पसरलेलं असतं. तिने ते उचललं.

“बाबा, हे काय?”

“डाव.”

“कुणाशी?”

“दातांच्या डॉक्टरांशी.”

तिने कारंजं उचललं, उजेडाकडे धरलं. “दातांच्या डॉक्टरच्या पानाला दिव्याचा चटका कसा बसला?”

कोपऱ्यावरचा तो तपकिरी डाग. तू तालमीत दिव्यावर पान ठेवून विसरला होतास, तेव्हाचा. मी इतके दिवस ते पान पाहतोय आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तुझ्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, “बाबा, तो वाईट नाहीये. वाईट असता तर सोपं झालं असतं. तुम्ही त्याला भेटता तेव्हा घरात त्याचं हसणं येतं, त्याचा निरोप येतो, आणि मला पुन्हा पहिल्यापासून वेगळं व्हावं लागतं. मला नवरा सोडायचा होता. तुम्हाला जावई सोडायला सांगताना मला काय बरं वाटलं असेल?”

तिचं बरोबर आहे. तुला हे लिहितोय कारण तुझंही तेच म्हणणं असणार.

ज्या दिवशी तुम्ही दोघांनी आम्हाला सांगितलं (आम्हाला म्हणजे मला, मी अजून चुकतो), तेव्हा आपण जेवणाच्या टेबलावर होतो. तुम्ही आधी ठरवून आला होता, भांडत नव्हता, एकमेकांना पाणी ओतून देत होता. तिने शेवटी विचारलं, “बाबा, तुम्हाला काही म्हणायचंय?” मी ‘नाही’ म्हटलं. त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. तो तुमचा दोघांचा डाव होता, त्यात मी थांब टाकणं हा आगाऊपणा झाला असता. मात्र एक वाक्य माझ्या तोंडात आलं होतं, ते मी गिळलं. “मग गुरुवारचं काय?” पोरीचा संसार मोडतोय आणि बाप पत्त्यांचं विचारतोय. कसं विचारणार? तू मात्र निघताना माझ्या खोलीकडे बघितलंस. ते मी पाहिलं.

तू दुसरं कारंजं पाठवून प्रश्न विचारला आहेस. टेबलावरचा प्रश्न अनुत्तरित ठेवायचा नसतो, असं मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, “मग एवढं उत्तर द्या आणि बंद करा.”

तर उत्तर: नाही, काही म्हणायचं नाही. जाऊ दे ते कारंजं.

एवढंच. सांभाळून राहा. शिडीवर चढताना खाली कुणाला तरी धरायला सांगत जा.


२ एप्रिल

हे पत्र पाहून तू चकित झाला असशील. मीही झालो.

तुझं पाकीट आलं ते दुकानवाल्या बाईंनी लेकीच्याच हातात दिलं. त्यांच्या दुकानाच्या समोरच तिचा बसथांबा आहे. तिने ते न फोडता आणून माझ्यापुढे ठेवलं आणि समोरच कपड्यांच्या घड्या घालत उभी राहिली. मी पाकिटाकडे बघतोय, ती टॉवेलकडे बघतेय, अळीमिळी गुपचिळी.

शेवटी तीच म्हणाली, “उघडा की. आरसाच असणार.”

आरसाच होता.

“तुम्ही कुलूप फार लवकर लावलंत,” ती म्हणाली. “त्याने दुसरं कारंजं आणून ते वाया घालवलं. आता हा आरसा तुम्हाला थांबवावाच लागेल, आणि तो तिसरा घेऊन येईल. तो नेहमी असंच करतो. आधी तुम्हाला खर्च करायला लावतो.”

मी म्हटलं, “तुला खेळ येतो?”

“दर गुरुवारी शेजारच्या खोलीत बसून ऐकलाय, बाबा. रेडिओसारखा. तुम्ही दोघं खेळायचात आणि मी तिसरी, बाहेरची. माझ्याच घरात.”

तिला हे कधी वाटलं असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. तुझ्या आलं होतं का? नुसता आवाज ऐकून लिफ्टच्या कुठल्या मजल्यावर काय बिघडलंय ते मी सांगू शकतो, आणि शेजारच्या खोलीतलं मला ऐकू आलं नाही.

मी तो आरसा थांबवला. (नोंद घे.) मग माझ्या डब्यातल्या सुट्या पानांतून तिने स्वतःचा डेक जुळवला. दोन संध्याकाळी लागल्या. मला काही दाखवलं नाही, हाताने झाकून बसायची. नंतर स्वयंपाकघरातलं स्टूल आणून तिसऱ्या बाजूला मांडलं आणि म्हणाली, “त्याला विचारा, चालेल का. दोघांची हरकत नसेल तर चालू डावात तिसरा बसू शकतो, असं तुम्हीच सांगायचात. आणि हेही लिहा की मी त्याला काही लिहिणार नाही. फक्त खेळणार.”

मग जाता जाता दारात थांबली. “विचारा, अजून सकाळी उपाशीपोटी कॉफी पितो का. नको, हे लिहू नका.”

लिहू नका म्हणाली आहे. तेव्हा लिहिलेलं नाही असं समज.


९ मे

“चालेल. कॉफी सोडली.” एवढ्या दोन शब्दांचं पत्र पाठवायला तुला तीन आठवडे लागले. (तीन शब्द आहेत. मोजायला लेकीने लावलं.)

तिला मी चिठ्ठी दाखवली तेव्हा म्हणाली, “तुम्ही लिहिलंतच ना शेवटी?” पण चिठ्ठी परत दिली नाही लवकर.

आता तिघांच्या खेळाबद्दल माझी तक्रार ऐक. दोघांत हिशेब सरळ असतो, तू पान टाकणार आणि मी रोखणार. तिघांत प्रश्न फिरतो. तू विचारतोस, आधी मी उत्तर द्यायचं, मग तिने. आता हातात थांब असलेला प्रत्येक जण काय विचार करतो? की मी कशाला खर्च करू, पुढचा रोखेल. मंगळवारी दुकानात डाव हरतात ते याच हिशेबाने. चौघांकडेही थांब असतं, चौघंही दुसऱ्याकडे बघतात आणि घंटा वाजते. दातांचे डॉक्टर तर दर वेळी माझ्याकडे असे बघतात, जणू मी टेबलाचा नोकर आहे.

लेकीने पहिल्या फेरीपासून हाच डाव माझ्यावर टाकलाय. त्याच पाकिटात तुझं भिंतीचं पान होतं, मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणे, “तुम्ही आधी बसलाय, बाबा.” मी रोखलं. ते तुला कार्डावर कळवलं, तर परवा तू तिसरा आरसा आणलास. पुन्हा तेच. “तुम्ही आधी बसलाय.” झक मारत मी रोखलं. माझ्या हातातली थांबं सरत चालली आणि तिने एकही टाकलेलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मी म्हटलं. सुट्या पानांत थांबं असणारच किती? ती नुसती हसली. आईसारखं हसते ती आता.

खरं सांगू? रोखायला मला अजूनही आवडतं. तुझं पान मी थांबवलं की डाव एका फेरीने लांबतो. एक फेरी म्हणजे तुझं एक पाकीट. जानेवारीपासून मी जिंकायला खेळतच नाहीये. तुझी पानं एकेक करून माझ्या घरी राहायला आली आहेत. काही मांडलेली, काही बाद ढिगात, पण आहेत इथेच. सकाळी उठलो की आधी तिकडे नजर जाते.

आणि तू आता चिठ्ठीत लिहितोस, की जुलैपासून संस्था लांबच्या दौऱ्यावर निघतेय, वर्षभर, ठरलेला पत्ता नाही. चक्क पानाच्या खाली, बारीक अक्षरात! अशी बातमी माणसाने आधी लिहावी. मी ती वाचली आणि पहिला विचार काय आला माहीत आहे? हातात थांब आहे का ते पाहिलं. एक होतं. पण ते दौऱ्यावर लागू होत नाही.


१ जून

तुझा चौथा आरसा आला. डेकमध्ये एवढे आरसे ठेवतोस तर घंटा ठेवायला जागा कुठे राहते?

हातात एकच थांब राहिलं होतं. मी लेकीकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच सांगितलं, तुम्ही आधी. मी म्हटलं, “बयो, हे शेवटचं आहे. पुढच्या वेळी तुझ्यावर येईल.” असं सांगणं खेळाच्या नियमात बसत नाही, पण बापाच्या नियमात बसतं.

“मग टाका,” ती म्हणाली.

टाकलं. आरसा बाद. आता माझा हात खरोखर रिकामा आहे. हे मी तुला लिहू नये, कंट्रोलवाल्याने शेवटपर्यंत भरला हात असल्यासारखा चेहरा ठेवावा. पण जुलै जवळ आलाय आणि माझ्याच्याने आता चेहरा होत नाही.

डाव अर्धवट राहिला तर काय करायचं ते मला कळत नाही. पत्ता नाही, म्हणजे पान नाही, म्हणजे प्रश्न नाही. टेबल असंच राहील. लेकीला मी म्हटलं, “एकदा, त्याच्या दौऱ्याआधी…” आणि वाक्य तिथेच सोडलं. तिला दिलेला शब्द आहे, तो मोडू दे असं मी तिला म्हणणार नाही. तिने ऐकलं, आणि स्टूल आत सरकवून ठेवलं. एवढंच.

बिल्डिंगची लिफ्ट आता पुरतीच बंद पडली आहे. मला हात लावू देत नाहीत. निवृत्त माणूस, विमा नाही वगैरे. मी रोज चार मजले चढताना कंपनीच्या इंजिनियरला मनातल्या मनात शिव्या घालतो आणि प्रत्येक मजल्यावर नव्या सुचतात.


१७ जून

आज दोन पानं एकाच पाकिटात आली. पाचवा आरसा, आणि घंटा. तू दोन चिठ्ठ्या जोडल्यास, प्रत्येक पानाला वेगळी, नियमाप्रमाणे. दोन्हींवर तोच प्रश्न.

घडलं ते जसंच्या तसं सांगतो, कारण तू टेबलावर नव्हतास.

लेक कामावरून येईपर्यंत मी पाकीट उघडलं नव्हतं. ती आली, हातपाय धुऊन स्टुलावर बसली. मी आरसा कारंज्याच्या शेजारी लावला आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली, “कुणाला काही म्हणायचंय?” मग स्वतःच उत्तर दिलं, “नाही.” तिनेही मान हलवली, नाही.

मग घंटा. मी ती टेबलाच्या मधोमध ठेवली. मला वाटलं, संपलं. पाच महिने ताणलं, आता संपलं. मी चिठ्ठी वाचली आणि म्हटलं, “माझ्याकडे काही नाही. आता तुझ्यावर.”

तिने हातातली पानं पाहिली. एकेक, सावकाश. मग ती पालथी घातली आणि म्हणाली, “मला काही म्हणायचं नाही. वाजू दे.”

वाजली. माझा डेक रिकामा, तिचा रिकामा. जिंकलास, अभिनंदन. डाव संपला की हात उघडायचे असतात. मी माझा रिकामा हात उघडून दाखवला. ती उठून गॅसकडे गेली, म्हणून तिची पानं मीच उलटली.

त्यात थांब होतं. एक नाही, तीन. सगळीच्या सगळी जपून ठेवलेली.

मी ओरडलो, “अगं, तुला दिसलं नाही का? हे काय आहे तुझ्या हातात?”

“दिसलं की.”

“मग टाकलं का नाहीस? मी शेवटचं पान घालवून बसलो आणि तू…”

ती दारात आली, हातात पातेलं. म्हणाली, “बाबा, जिंकेल त्याने काय करायचं असतं?”

मी टेबलाकडे पाहिलं.

“पुढच्या डावाचं टेबल मांडायचं असतं. हो ना? आणि टेबल कुठे आहे? तुम्ही पाच महिने त्याचं पानन् पान अडवत बसलात. तो जिंकला असता तर केव्हाच यावं लागलं असतं त्याला.” मग पातेलं खाली ठेवून म्हणाली, “मला वाटलं, तुम्ही कधीतरी जाऊ द्याल. तुम्ही काही देत नाही. म्हणून तुमची थांबं संपेपर्यंत वाट पाहिली.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. तुला दाराबाहेर रोखून धरत होतो मी, आणि समजत होतो की धरून ठेवतोय. खुर्चीत बसून मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. ती जवळ येऊन उभी राहिली. माझ्या डोक्यावर तिने हात ठेवला, मी तिच्या लहानपणी ठेवायचो तसा.

तिच्या अटी लिहितो, तिने सांगितल्या त्या शब्दांत. “गुरुवारी मी रात्री नऊला येते. त्याने त्याआधी निघायचं. मला भेटायचं नाहीये, अजून नाही. स्टूल तिथेच राहू दे. माझी चाल मी चिठ्ठीवर लिहून जाईन. आणि ती पत्रं आता पुरे, बसथांब्यावरची माणसं मला तुमच्या पाकिटांबद्दल विचारतात.”

म्हणून हे शेवटचं. तुझ्या प्रश्नाला टेबलावर मी ‘नाही’ म्हटलं, ते घंटेपुरतं होतं. मला म्हणायचंय. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर म्हणायचं राहिलं ते असं, की मला तुझी फार आठवण येते. लेकीचा नवरा म्हणून नाही. माझा म्हणून.

आता दौऱ्याआधीचा शेवटचा गुरुवार गाठ. लिफ्ट बंद आहे, हसू नकोस. चौथा मजला. दुसऱ्या मजल्यावर जिन्यात खिडकी आहे, तिथे टेकलास तर चालेल, मीही टेकतो. येऊन टेबल मांड, एक डाव खेळ, आणि मग जा दौऱ्यावर. तू परत येईपर्यंत ते तसंच मांडलेलं राहील. त्याची मला सवय आहे.

येताना काही आणू नकोस. फक्त एक. तुझी निम्मी पानं माझ्याकडे आहेत आणि निम्मी तुझ्याकडे. एवढ्यावर ना तुला खेळता येत, ना मला. उरलेली घेऊन ये.